टिकाऊ वस्तू क्रमांक ११४: इंजिन ऑइल

माझ्या आईला खात्याकडून मिळालेली मोटारसायकल तीन हजार किलोमीटरमध्ये तीनशे मिलीलीटर इंजिन ऑइल प्यायली, आणि ही गंभीर बाब खात्याच्या निदर्शनास आली. निदर्शनास आणून देणारी मी. त्यानंतर जे काही घडलं ते सगळं नियमानुसार घडलं, एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधेच कुणी "असं कसं?" म्हणून उठायला नको.

आई पाणीपुरवठा खात्यात तपासनीस आहे. तिच्या यादीत त्रेचाळीस नळ. सकाळी गाडीच्या मागच्या पेटीत स्वच्छ बाटल्या भरायच्या, नळ गाठायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे आणि दुपारच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. आठवड्यात यादी पूर्ण झालीच पाहिजे. शेवटचा नळ टेकडीपलीकडच्या वस्तीत. तिथली पाइपलाइन जुनी, दोनदा फुटलेली, म्हणून तिथल्या बायका आईच्या गाडीचा आवाज आला की बादल्या बाजूला सरकवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "बाई, मागच्या वेळचं कसं निघालं?" आई "चांगलं" म्हणाली तर भरतात. नाही म्हणाली तर उकळतात. आईचं काम एवढंच, पण ते गाडीशिवाय होत नाही.

गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चालली तर माझ्यापेक्षा फार जास्त. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. सकाळी किक मारली की सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो आणि शेजारचे काका खिडकी लावून घेतात. तो धूर म्हणजेच ऑइल.

आता खात्यात ऑइल मिळण्याची पद्धत ऐका. दर तीन हजार किलोमीटरला जुनं ऑइल काढायचं, डब्यात भरून भांडारात जमा करायचं, आणि जेवढं जमा कराल तेवढंच नवं घ्यायचं. मधल्या काळात कमी झालं तर वरून घालायला मिळत नाही, कारण मधल्या काळात ते कमी होत नाही. का होत नाही? कारण वंगण तेल ही टिकाऊ वस्तू आहे. फार पूर्वी ते पत्र्याच्या भक्कम डब्यांतून यायचं. तेव्हाच्या भांडारपालांनी डबा पाहिला, बोटांनी वाजवला आणि टिकाऊ वस्तूंच्या वहीत चढवला. आत जे होतं तेही डब्याबरोबर चढलं. तेव्हापासून कपाट क्रमांक ११२, शिडी क्रमांक ११३ आणि इंजिन ऑइल क्रमांक ११४. कपाट तीन हजार किलोमीटरनंतर तीस टक्के कमी झालं, असं कोणी म्हणालं तर तुम्ही तरी ऐकून घ्याल का?

आणि खरंच, खात्याच्या एकवीस मोटारसायकली गेली एकोणीस वर्षं अख्खं लीटर जमा करत होत्या. थेंबाचीही घट नाही. या चमत्काराचा उगम मिस्त्रींच्या गॅरेजमागे एका निळ्या पिंपात होता. त्यात कुठल्याकुठल्या गाड्यांतून काढलेलं काळंकुट्ट ऑइल. जमा करायच्या आदल्या दिवशी जो तो आपला डबा घेऊन यायचा आणि कमी पडेल तेवढं भरून न्यायचा. मिस्त्रींनी पिंपावर खडूनं खात्याचं नावसुद्धा घातलं होतं.

आईही त्या दिवशी डबा घेऊन निघाली होती.

"कुठे गं?"

"मिस्त्रींकडे. तीनशे कमी भरतंय. तेवढं घालून आणते."

"आई, पण हे खोटं आहे!"

"खोटं कसं? काळंच आहे की. मिसळलं की ओळखूसुद्धा येत नाही."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. या वर्षी मी वर्गात हात वर करायला शिकले. आठवीपर्यंत मला प्रश्न पडायचे आणि पडून राहायचे. नववीत एकदा हात वर केला, उत्तर बरोबर आलं, आणि तेव्हापासून वर गेलेला हात खाली कसा घ्यायचा हे मला जमेना. शिवाय सुट्टी लागली होती. गाडीच्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत, घडीही न मोडलेलं माहितीपुस्तक सापडलं, ते मी एका बैठकीत वाचून काढलं. इंजिन थोडं ऑइल जाळतंच, जुनं झालं की जास्त जाळतं. गाडी सरळ उभी करून इंजिनाच्या पोटाशी असलेल्या गोल काचेत बघायचं. वर एक रेघ, खाली एक रेघ. ऑइल खालच्या रेघेकडे झुकलं की वरून घालायचं. ऑइल पुस्तकात दिलेल्या नंबरचंच हवं, आणि मोटारसायकलचंच हवं, कारण क्लचच्या प्लेटाही त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. एवढी साधी गोष्ट एकोणीस वर्षांत एकवीस जणांना कळू नये, याचं मला नवल वाटलं. ती त्यांना कळलेली होती. हे मला कळायला वेळ लागला.

"आपण सरळ अर्ज करू," मी म्हटलं. "जे आहे ते लिहायचं. पुस्तकातलं पान जोडायचं."

"बाई माझी! मला नळांवर जायचंय, तू अर्ज काय घेऊन बसलीस?"

"लिहिते मी. तू फक्त सही कर."

आईनं सही केली, कारण तिला उशीर होत होता आणि मी दारातून हटत नव्हते.

भांडारपालांनी आईच्या डब्यातलं ऑइल मापात ओतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सातशेच?"

"हो."

"बाकीचं?"

"जळलं."

"कोणी जाळलं?"

"इंजिनानं."

"ताई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "जळतं ते पेट्रोल. पेट्रोल लाल वहीत आहे, संपणाऱ्या वस्तूंच्या. हे निळ्या वहीतलं. निळ्या वहीतलं जळत नाही."

मी पान पुढे सरकवलं. "काका, कंपनीनंच लिहिलंय, थोडं जळतं म्हणून."

"कंपनीला काय जातंय लिहायला? कंपनी गाडी देऊन मोकळी झाली. वही मला सांभाळायचीय." मग आवाज खाली आणून त्यांनी आईला विचारलं, "मिस्त्री गेले की काय?"

"छे, चांगले ठणठणीत आहेत."

"मग एवढ्याशासाठी पोरीला घेऊन आलात? जा, भरून आणा. मी काही पाहिलेलं नाही."

तेव्हा माझा हात वर गेला. "काका, तुम्ही पाहिलंत. अर्जाची पोच द्या."

एकोणीस वर्षांत त्या खिडकीवर कुणी खरं बोलून वर पोच मागितली नव्हती. पोचेचं पुस्तक शोधायलाच अर्धा तास गेला. सातशे जमा म्हणून सातशेच नवं मिळालं. घरी येऊन अंगणात ते गाडीत घातल्यावर काचेत पाहिलं, तर ऑइल खालच्या रेघेच्याही खाली. आई म्हणाली, "जाऊ दे, दुकानातून आणून मीच घालते." पण तोवर भांडारपाल लाख आणि मेणबत्ती घेऊन मागोमाग आले होते. अर्जात ज्या घटीचा उल्लेख होता ती घट ज्या वाहनात झाली ते वाहन आता पुरावा होतं. ऑइलच्या झाकणावर सील बसलं. चौकशी होईपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये, असा कागद हँडलला बांधला.

"झालं समाधान?" आईनं मला विचारलं आणि बाटल्यांची पेटी माझ्या हातात दिली. "चल आता. पायी."

पायी दिवसाला जेमतेम एक लांबचा नळ व्हायचा. आठवडाभर उन्हातून तंगडतोड करून सहा झाले, त्यात टेकडीपलीकडचा धरून. आई त्याला सोडायला तयार नव्हती. सदतीस राहिले. "खरं काय ते चौकशीत कळेलच की," मी वाटेत म्हणायचे. आई पुढे चालत राहायची. चढावर बोललं की दम लागतो.

नवव्या दिवशी चौकशी समिती घरी आली. एक सदस्य लांब, एक आखूड. त्यांनी अंगणात गाडीसमोर दोन खुर्च्या मांडायला लावल्या आणि मांडीवर वह्या घेऊन गाडीकडे टक लावून बसले.

"काय करताय?" मी विचारलं.

"निरीक्षण," लांब सदस्य म्हणाले. "वाहन तेल पितं असा तुमचा दावा आहे. पिताना दिसलं की आम्ही नोंद घेऊ."

"पण गाडी बंद आहे! किक मारा ना, मग दिसेल. निळा धूर निघतो."

"पेट्रोल नमुने आणण्यासाठी मंजूर आहे," आखूड सदस्य म्हणाले. "चौकशीसाठी नाही. शिवाय गाडी हलवायची नाही असा कागद आहे. हा काय, हँडललाच आहे."

ते तीन तास बसले. दर अर्ध्या तासानं एकजण वाकून काचेत बघायचा आणि दुसऱ्याला म्हणायचा, "आहे तेवढंच." दोनदा चहा झाला. निघताना लांब सदस्यांनी माझ्या डोक्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. अहवाल चार दिवसांत आला, खात्याच्या मानानं विजेच्या वेगानं:

"प्रस्तुत वाहन सलग तीन तास निरीक्षणाखाली होते. या अवधीत वाहनाने तेलाचा थेंबही प्राशन केला नाही. वाहन निर्व्यसनी असल्याचे समितीचे मत झाले आहे. सबब तेल अन्यत्र गेले असावे. वाहनधारकाच्या कन्येच्या दोन्ही वेण्या तेलकट आढळल्या. अधिक भाष्य समिती टाळत आहे."

आईला साहेबांनी बोलावलं. पेटी धरायला म्हणून मीही गेले, आणि वेण्या ओढणीखाली घेतल्या. आपण निर्दोष असूनही माणूस असं का करतो, कोण जाणे. साहेब मात्र प्रेमळ. त्यांच्या टेबलावर सहा प्रकारची पेनं होती आणि एकही कागद नव्हता.

"ताई, मी तुमच्यावर आरोप करत नाही. वेण्यांचा विषय मी बंद केला. पण प्रश्न मुळातून सोडवला पाहिजे. ऑइल घटतं ना? मग न घटणारं ऑइल निवडू या!"

"साहेब, नुसती वरून घालायची परवानगी दिलीत तरी..." आई म्हणाली. "टेकडीच्या नळावर—"

"छोटा विचार नका करू, ताई."

त्याच दोन सदस्यांची ऑइल निवड समिती स्थापन झाली. बाजारातली पाच ऑइलं पाच काचेच्या पेल्यांत ओतून साहेबांच्या टेबलावर पंधरा दिवस ठेवली. प्रत्येक पेल्यावर लाल पेनानं रेघ. पहिल्या पेल्यात आमच्या पुस्तकातल्या नंबरचं ऑइल होतं. ते मी धडपडून यादीत घुसवलं होतं. पंधरा दिवसांनी पाहणी झाली. पाचही पेले जसेच्या तसे. समितीला आनंद झाला, आणि लगेच पेच पडला: आता निवडायचं कसं?

"पेले उलटे करा," साहेब म्हणाले.

आमचं ऑइल भसकन सांडलं आणि टेबलावरून आखूड सदस्यांच्या मांडीवर गेलं. साहेबांनी मान हलवली. "जे इतक्या पटकन हातातून निसटतं, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" दुसरं, तिसरं, चौथं थोडं थोडं दम धरून सांडलं. पाचवा पेला उलटा केला. काहीच झालं नाही. साहेबांनी चहा मागवला, तो आला, त्यांनी बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला, तरी पेल्यातून थेंब खाली आला नाही.

"वा!" साहेब उठून उभे राहिले. "हे तेल नाही, ही स्थावर मालमत्ता आहे!"

"साहेब," मला राहवेना, "ते पाण्याच्या मोठ्या पंपाच्या गिअरमध्ये घालतात. मोटारसायकलच्या इंजिनात इतकं घट्ट ऑइल वरपर्यंत चढणारच नाही. आणि क्लचच्या प्लेटा घसरतील."

"कितवीत आहेस, बाळ?"

"दहावीत जाईन आता."

"छान. भरपूर वाच. पण वाचलेलं सगळीकडे बोलू नये." मग समितीकडे वळून म्हणाले, "आणि सगळ्या एकवीस गाड्यांना हेच. एकीला एक, दुसरीला दुसरं, असा दुजाभाव मला चालणार नाही."

सील फोडलं, आतलं सातशे काढलं. नवं ऑइल नरसाळ्यातून उतरेना, तेव्हा कामगारानं उलथनं मागवलं आणि भिंतीला गिलावा करावा तसं ते झाकणातून आत थापलं. भांडारपालांनी स्वतः बघून वहीत लिहिलं, "पूर्ण एक लीटर". त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी शांती दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं किक मारायला घेतली तर किक खालीच जाईना. ती दोन्ही पायांनी किकवर उभी राहिली, मग मीही लोंबकळले. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली. आवाज असा, जणू तोंडात घास असताना कुणी ओरडतंय. तरी आई खूश होती. "बस मागे. महिना झाला, आज यादी पुरी करू." टेकडीच्या चढावर क्लच घसरायला लागला: इंजिन केकाटतंय, चाक मात्र आपल्या मर्जीनं फिरतंय. आईनं गिअर उतरवला. गाडी दोनदा थरथरली आणि कुणी आतून कडी लावावी तशी गपकन थांबली. इंजिन जाम.

ती आम्ही ढकलत आणली. पेटी मी डोक्यावर घेतली होती, आत बाटल्या रिकाम्या किणकिणत होत्या.

मिस्त्रींनी इंजिन खोललं आणि आत बोट फिरवून पाहिलं. "वर एक थेंब पोचला नाही. कोरडं फिरून फिरून आतल्या आत धरलंय सगळं." मग हात पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, एकोणीस वर्षं माझ्या पिंपानं तुमचं खातं चालवलं. तू बरोबर बोललीस, आणि पिंप बंद झालं."

"मग मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"मी कुठं तसं म्हणालो? मी मिस्त्री माणूस. काय बंद पडलं ते सांगतो. का पडलं ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी बघायचं."

आठवड्याभरात एकवीसच्या एकवीस गाड्या उभ्या राहिल्या. महिनाअखेर साहेबांनी वर अहवाल पाठवला: वंगण तेलाची घट शून्य. पेट्रोलची बचत शंभर टक्के. वाहन अपघात शून्य. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. सभागृहात छोटा कार्यक्रम झाला, त्यात समितीला प्रशस्तिपत्रं मिळाली आणि, सगळं ज्या अर्जापासून सुरू झालं तो माझ्या अक्षरातला होता म्हणून, मलाही एक. "दक्ष विद्यार्थिनी." टाळ्या वाजल्या. खरं सांगते, दोन मिनिटं मला छानही वाटलं.

गाड्या नाहीत म्हणून काम थांबलं, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. बाकीचे वीस तपासनीस कचेरीमागच्या नळावर रांगेनं बाटल्या भरायचे आणि त्यावर आपापल्या यादीतल्या नळांच्या चिठ्ठ्या डकवायचे. दहा वाजता रांग, अकराला काम खलास. आई तेवढी पायी जात राहिली, आठवड्याला सहा नळ. तिसऱ्या आठवड्यात टेकडीपलीकडचा नमुना खराब निघाला. पाण्यात जंतू. आई तो कागद घेऊन तडक साहेबांकडे गेली.

"ताई," साहेब कागद लांब धरून म्हणाले, "वीस जणांचे सगळे नमुने उत्तम. तुमच्या सहातला एक खराब. पाणी तर सगळीकडे एकाच टाकीतून जातं. मग फरक कशात पडला? तुम्ही चालत आणता. बाटल्या वाटेत हिंदकळतात."

"हिंदकळून जंतू होत नाहीत, साहेब. पाइप फुटलाय तिथे. आणि बाकीचे नमुने मागच्या नळाचे आहेत, हे तुम्हाला—"

"म्हणून तर ते एकसारखे आहेत! तुमच्या एकटीमुळे खात्याची एकवाक्यता बिघडते." त्यांनी खणातून त्रेचाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून आईसमोर ठेवला. "उद्यापासून तुम्हीही इथेच भरा. ही सूचना मिळाली अशी सही करा. नसेल करायची तर आग्रह नाही. तुमची यादी दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं. मग तिनं पेन घेतलं आणि सही केली, पूर्ण नावाची.

जिना उतरताच मी विचारलं, "का केलीस सही?"

"यादी दुसऱ्याकडे गेली, तर तो चढणार आहे का टेकडी?"

ती घरी न जाता तशीच वस्तीकडे चालू लागली. पोचली तेव्हा बायका नळाशी होत्या. नेहमीचा प्रश्न आला, "बाई, मागच्या वेळचं कसं निघालं?" आई म्हणाली, "कागदावर काही का येईना, तुम्ही उकळून प्या. आणि शेजारच्या गल्लीतही सांगा."

आता तिचं असंच चालतं. अकरापर्यंत कचेरीमागच्या नळाखाली त्रेचाळीस बाटल्या भरते, चिठ्ठ्या डकवते, सही करते. मग स्वतःच्या बाटल्या घेऊन पायी निघते आणि जमतील तेवढ्या नळांवर खरं काय ते दारोदार सांगते. तेवढे सहाच जमतात. बाकीचे सदतीस लांब आहेत, आणि इतर वीस याद्यांमधले तर मी मोजलेलेच नाहीत.

तुमचा नळ कुठल्या यादीत आहे, मला माहीत नाही. तुम्हालाही नसेल; कधी विचारलंयत का कुणाला? तुम्ही इतका वेळ ही ऑइलची गोष्ट आहे म्हणून हसत होतात. हसून घसा कोरडा पडला असेल, तर उठा आणि पेलाभर पाणी प्या. अहवालात ते उत्तम आहे.